कालरेषेतले अंतर : सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुण्याचा इतिहास मांडताना

आमच्या इमारतीतली आठवीतली एक मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी केलेली ‘पुण्याची कालरेषा’ दाखवायला माझ्याकडे आली. पॉवरपॉइंटच्या एका स्लाइडवर आठ गोल होते आणि त्या सगळ्यांना ओवून नेणारा एक निळा बाण होता. पहिल्या गोलात शनिवारवाड्याच्या पायाभरणीचे १७३० हे साल होते. त्यानंतर पानिपतचे १७६१, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले ते १८१७, भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेचे १८४८, न्यू इंग्लिश स्कूलचे १८८०, ‘केसरी’चे १८८१, पानशेतच्या पुराचे १९६१ आणि शेवटी पुणे मेट्रोचे २०२२. सगळी साले बरोबर होती, अक्षरे सुबक होती, रंगही डोळ्यांना खुपणारे नव्हते. तरीही ती कालरेषा चुकली होती, कारण १८८० ते १८८१ हे एक वर्ष आणि १८८१ ते १९६१ ही ऐंशी वर्षे तिच्यात अगदी सारख्या लांबीची दिसत होती.

मी तिला विचारले, “अगं, या दोन गोलांमध्ये एवढेच अंतर का ठेवलेस?” ती म्हणाली, “काकू, ते मी नाही ठेवलं, कॉम्प्युटरनेच ठेवलं.”

तिचे उत्तर प्रामाणिक होते, आणि कालरेषा काढताना जिथे बहुतेक सगळे अडखळतात ती जागा त्या उत्तरात नेमकी सापडते. सादरीकरणाचे सॉफ्टवेअर आकृती देते, पण त्या आकृतीतले अंतर किती असावे हे त्याला माहीत नसते. ते आपण सांगितले नाही, तर ते सगळ्यांना सारखे वाटून मोकळे होते. हा लेख ते अंतर कसे ठरवायचे आणि स्लाइडवर कसे उतरवायचे याविषयी आहे.

कालरेषा म्हणजे काळाचा नकाशा. भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाखाली जसे प्रमाण दिलेले असते आणि त्यावरून पुणे ते सातारा आणि पुणे ते नागपूर यांतला फरक डोळ्यांनीच कळतो, तसेच कालरेषेवर दोन खुणांमधले अंतर पाहून मधे किती काळ गेला हे न मोजता कळले पाहिजे. नुसता क्रम सांगायचा असेल, तर एकाखाली एक लिहिलेली यादीसुद्धा पुरते. चित्राचा खटाटोप करायचा तो यादीला जे सांगता येत नाही ते सांगण्यासाठी : कुठे घटनांची दाटी झाली, कुठे बराच काळ काही घडले नाही (किंवा आपल्याला माहीत नाही), कोणाचे आयुष्य कोणाच्या आयुष्याशी किती वर्षे समांतर चालले.

ही कल्पना फार जुनी नाही. ऑक्सिजनवरील प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ प्रीस्टली या इंग्रज अभ्यासकाने १७६५ साली सुमारे दोन हजार नामवंतांची आयुष्ये एका मोठ्या कागदी तक्त्यावर आडव्या रेघांनी दाखवली. रेघ जितकी लांब, तितके आयुष्य दीर्घ. आणि जिथे जन्म-मृत्यूचे साल नक्की माहीत नव्हते, तिथे त्याने सलग रेघेऐवजी ठिपके दिले. त्या वर्षी पुण्यात थोरले माधवराव पेशवे गादीवर होते. अडीचशेहून अधिक वर्षे उलटली, तरी चांगल्या कालरेषेचे जवळपास सगळे व्याकरण त्या एका तक्त्यात सापडते, आणि त्या ठिपक्यांकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

तयार साच्याचा उपयोग आणि त्याची मर्यादा

पॉवरपॉइंटमध्ये ‘इन्सर्ट’मध्ये जाऊन ‘स्मार्टआर्ट’ निवडले आणि त्यातल्या ‘प्रोसेस’ या गटातून ‘बेसिक टाइमलाइन’ घेतली, की एक बाण आणि त्यावर काही ठिपके मिळतात. मजकूर भरत गेलो की ठिपके वाढतात आणि सॉफ्टवेअर उपलब्ध जागा त्यांच्यात समसमान वाटून टाकते. पुरणपोळीची कृती दाखवायची असेल, तर हा साचा उत्तम आहे, कारण डाळ शिजवणे, पुरण वाटणे, कणीक तिंबणे आणि पोळी लाटणे यांत पाहणाऱ्याला क्रम हवा असतो, मिनिटे नव्हेत. इतिहासाला मात्र तो चालत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ज्या कालरेषेत खरी साले आहेत तिच्यासाठी स्मार्टआर्टच्या वाटेला जाऊ नये. कोऱ्या स्लाइडवर एक साधी रेघ आणि थोडे गणित यांतून होणारी कालरेषा अधिक खरी होते आणि तिला वेळही फार लागत नाही.

याच कारणासाठी आणखी एका बटणापासून सावध राहावे. ‘अलाइन’च्या यादीत ‘डिस्ट्रिब्यूट हॉरिझाँटली’ अशी एक सोय असते. ती निवडलेल्या सगळ्या आकारांना समान अंतरावर मांडते, त्यामुळे स्लाइड टापटीप दिसते आणि आपण मोजूनमापून बसवलेली साले एका क्षणात विस्कटतात. त्याच यादीतले ‘अलाइन मिडल’ मात्र खुशाल वापरावे, कारण ते खुणांना एका पातळीत आणते आणि त्यांच्या आडव्या जागेला हात लावत नाही.

एक सेंटिमीटर म्हणजे दहा वर्षे

आता गणित. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद आणि १९.०५ सेंटिमीटर उंच असते. डावीकडे २ सेंटिमीटर समास सोडून ३० सेंटिमीटर लांबीची रेघ काढली, तर उजवीकडेही जवळजवळ तेवढाच समास उरतो. आपली पहिली घटना १७३० ची आणि शेवटची २०२२ ची; म्हणून रेघेची सुरुवात १७३० धरली आणि शेवट २०३० धरला, तर ३०० वर्षे ३० सेंटिमीटरमध्ये बसतात आणि एका सेंटिमीटरला दहा वर्षे असे सोयीचे प्रमाण मिळते. शेवट २०२२ वरच केला असता, तर प्रत्येक आकडेमोडीत अपूर्णांक आले असते. रेघेच्या टोकांना गोल आकडे घेण्याने पुढचे सगळे काम तोंडी हिशेबावर येते.

कोणत्याही सालाची जागा काढण्याची रीत आता एका वाक्यात सांगता येते : सालातून १७३० वजा करावेत, उत्तराला १० ने भागावे आणि डावीकडच्या समासाचे २ मिळवावेत. १८४८ घेऊ. १८४८ वजा १७३० म्हणजे ११८. भागिले १० म्हणजे ११.८, अधिक २ म्हणजे १३.८. भिडेवाड्यातल्या शाळेची खूण स्लाइडच्या डाव्या काठापासून १३.८ सेंटिमीटरवर यायला हवी. याच रीतीने पानिपत ५.१ वर येते, १८१७ हे साल १०.७ वर, न्यू इंग्लिश स्कूल १७.० वर, ‘केसरी’ १७.१ वर, पानशेत २५.१ वर आणि मेट्रो ३१.२ वर. साले बरीच असतील, तर एक्सेलच्या एका रकान्यात साले लिहून शेजारच्या रकान्यात हे सूत्र एकदाच घालावे. तो तक्ता जपून ठेवावा, कारण पुढे तपासणी करताना तोच कामी येतो.

रेघ काढताना शिफ्ट ही कळ दाबून ठेवली म्हणजे रेघ अगदी आडवी येते. मग एक लहान वर्तुळ काढून, त्यावर उजवी क्लिक करून ‘फॉरमॅट शेप’ उघडावे आणि त्यातल्या ‘साइझ अँड प्रॉपर्टीज’खाली ‘पोझिशन’ शोधावे. तिथल्या ‘हॉरिझाँटल पोझिशन’च्या चौकटीत आपला आकडा लिहायचा असतो. संगणक इंच दाखवत असला, तरी आकड्यापुढे सेंटिमीटरचे इंग्रजी संक्षिप्त रूप (cm) लिहिले की तो स्वतः रूपांतर करून घेतो. या चौकटीत आकडे इंग्रजी अंकांतच लिहावेत. मराठी अंक स्लाइडवरच्या मजकुरासाठी राखून ठेवावेत.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी सहसा कोणी सांगत नाही आणि जिच्यामुळे सगळी मेहनत अर्धवट वाया जाते. पॉवरपॉइंट जी आडवी जागा दाखवते ती आकाराच्या डाव्या कडेची असते, मध्याची नव्हे. आपले वर्तुळ ०.४ सेंटिमीटर व्यासाचे असेल आणि चौकटीत १३.८ लिहिले, तर वर्तुळाचा मध्य १४.० वर जातो, म्हणजे १८४८ ची शाळा चित्रात १८५० साली उघडते. उपाय सोपा आहे : प्रत्येक आकड्यातून वर्तुळाची त्रिज्या, म्हणजे ०.२, वजा करून तो आकडा लिहावा. १३.८ ऐवजी १३.६. वर्तुळे वेगवेगळ्या आकारांची असतील, तर चुकाही वेगवेगळ्या होतात, म्हणून सगळी वर्तुळे एका मापाची ठेवावीत. एक वर्तुळ तयार झाले की कंट्रोल आणि डी या कळांनी त्याच्या प्रती कराव्यात आणि प्रत्येकीला तिची जागा द्यावी. गूगल स्लाइड्समध्ये ‘फॉरमॅट ऑप्शन्स’मध्ये जागा मध्यापासून मोजण्याची सोय आहे, लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये एफ-४ ही कळ दाबून उघडणाऱ्या चौकटीत आधारबिंदू म्हणून आकाराचा मध्य निवडता येतो. तिथे ही वजाबाकी करावी लागत नाही. मात्र त्या दोहोंतल्या स्लाइडची रुंदी पॉवरपॉइंटपेक्षा कमी असते, गूगल स्लाइड्समध्ये २५.४ सेंटिमीटर आणि इम्प्रेसमध्ये २८ सेंटिमीटर, त्यामुळे प्रमाण नव्याने ठरवावे लागते.

घटनांच्या आधी रेघेवर पन्नास-पन्नास वर्षांच्या उभ्या खुणा कराव्यात. आपल्या प्रमाणात १७५० हे ४ सेंटिमीटरवर येते, १८०० हे ९ वर, १८५० हे १४ वर, आणि असेच १९, २४ व २९. या खुणा फिकट करड्या असाव्यात. आणि शाळेत आलेख कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात आपण ‘प्रमाण : एक्स-अक्षावर १ सेंमी = १० एकक’ असे लिहीत असू, तसे स्लाइडच्या त्याच कोपऱ्यात ‘प्रमाण : १ सेंमी = १० वर्षे’ असे लहान अक्षरांत लिहावे. पडद्यावर ते सेंटिमीटर मोठे होऊन दिसतात हे खरे, म्हणून छापील प्रतीखेरीज ‘दोन खुणांमध्ये ५० वर्षे’ असे लिहिले तरी चालते. सांगायचे एवढेच असते, की इथली अंतरे मोजून घेतलेली आहेत.

रिकामी जागा आणि दाटी

त्या मुलीने तिचे आठ गोल या रीतीने पुन्हा मांडले, तेव्हा स्लाइडचे रूप पार बदलले. १७६१ आणि १८१७ यांच्यामध्ये ५.६ सेंटिमीटरची मोकळी पट्टी उघडी पडली. पहिल्या स्लाइडवर ती छप्पन्न वर्षे शेजारच्या दोन गोलांमध्ये लपून गेली होती. आता ती दिसत होती, आणि तिने आपण होऊन विचारले, “काकू, इथे काहीच झालं नाही का?” झाले होते. माधवराव पेशव्यांची ११ वर्षांची कारकीर्द याच पट्टीत आहे, १८०० साली नाना फडणवीस वारले ते याच पट्टीत, आणि १८०२ साली हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला तोही इथेच. प्रमाणात काढलेल्या कालरेषेचा मला सर्वात मोठा उपयोग वाटतो तो हा : तिच्यातली रिकामी जागा प्रश्न विचारते. समान अंतरावर मांडलेल्या गोलांना ही ताकद नसते.

याच्या उलट अडचण १८८० च्या आसपास येते. न्यू इंग्लिश स्कूल १८८०, ‘केसरी’ १८८१, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४, फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ : चार घटना आणि त्यांना मिळून जागा अवघी अर्धा सेंटिमीटर. ०.४ सेंटिमीटरची चार वर्तुळे त्यात एकमेकांवर चढतात. अशा वेळी मोह होतो तो वर्तुळे थोडी-थोडी सरकवून मोकळी करण्याचा, आणि तो मोह आवरावा. ती दाटी चुकीमुळे झालेली नाही. मोजक्या माणसांनी पाच वर्षांत शाळा, वृत्तपत्र, संस्था आणि महाविद्यालय उभे केले, हे ती दाटीच सांगते. तिथे चार वर्तुळांऐवजी १७.० ते १७.५ असा एक लहान जाड पट्टा काढावा, त्यावर ‘१८८०–१८८५’ लिहावे, आणि पुढच्या स्लाइडवर फक्त ती पाच वर्षे मोठ्या प्रमाणात उलगडावीत. तिथे एका वर्षाला ६ सेंटिमीटर जागा मिळते. नकाशात शहर एका ठिपक्याने दाखवून शेजारी शहराचा वेगळा नकाशा देतात, तसेच हे आहे. पानशेतच्या पुरालाही हीच रीत लागू पडते. १२ जुलै १९६१ हा एक दिवस तीनशे वर्षांच्या रेघेवर एका ठिपक्यापेक्षा मोठा होऊच शकत नाही. पण पुण्यातल्या ज्या घरांनी तो दिवस पाहिला, त्यांच्या आठवणी तासांच्या आहेत, आणि त्या मांडायच्या तर चोवीस तासांची वेगळी स्लाइड हवी.

नावांची जागा हा प्रश्न यातूनच निघतो. एका घटनेचे नाव वाचता येईल अशा अक्षरांत लिहायला साधारण ४ सेंटिमीटर रुंदीची चौकट लागते. म्हणजे रेघेच्या वर सात आणि खाली सात अशी कमाल धरली, तरी साले कधीच समान अंतरावर नसल्यामुळे प्रत्यक्षात दहा-बारा घटनांवर स्लाइड भरते. नावे आळीपाळीने वर आणि खाली घ्यावीत, शेजारच्या नावांचे देठ, म्हणजे नाव खुणेला जोडणाऱ्या रेघा, कमी-जास्त उंचीचे ठेवावेत, आणि देठ मात्र सालाच्या खुणेतून सरळ उभाच निघावा. नावाची चौकट माउसने वर-खाली ओढताना शिफ्ट दाबून ठेवली, तर ती डावीउजवीकडे हलत नाही. ही एक सवय लागली की अर्धी कटकट संपते.

आयुष्यांच्या पट्ट्या

आतापर्यंत आपण घटनांविषयी बोललो. पण काही गोष्टी क्षणात घडत नाहीत, त्या वर्षानुवर्षे चालतात. त्यांच्यासाठी ठिपका नको, पट्टी हवी. पट्टीची डावी कड सुरुवातीच्या सालावर ठेवावी आणि तिची रुंदी वर्षांना १० ने भागून द्यावी. इथे डाव्या कडेचा नियम आपल्या फायद्याचा ठरतो, त्रिज्येची वजाबाकी लागत नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण घेते. जन्म १८५८, निधन १९६२. पट्टी १४.८ सेंटिमीटरवर सुरू होते आणि १०.४ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे आपल्या सबंध रेघेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक. पुण्याला आगगाडी आली त्या वर्षी ती सुरू होते आणि पानशेतच्या पुराच्या पुढच्या वर्षी संपते. हे वाक्य मी कितीही वेळा सांगितले असते, तरी ती पट्टी त्या दोन खुणांच्या खाली पसरलेली पाहून जे उमगते ते त्यातून उमगले नसते. मात्र कर्वे जन्मभर पुण्यात नव्हते; फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवण्यासाठी ते १८९१ साली आले. म्हणून पट्टीचे दोन भाग करावेत, पहिले ३.३ सेंटिमीटर फिकट आणि पुढचे ७.१ सेंटिमीटर गडद. आपली कालरेषा पुण्याची आहे, कर्व्यांची नव्हे, हे त्या दोन छटांनी आपोआप स्पष्ट होते.

आता तिच्याखाली आणखी पट्ट्या लावू : जोतीराव फुले १८२७ ते १८९०, सावित्रीबाई १८३१ ते १८९७, रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ ते १९२५, महादेव गोविंद रानडे १८४२ ते १९०१, लोकमान्य टिळक १८५६ ते १९२०, गोपाळ कृष्ण गोखले १८६६ ते १९१५. प्रत्येक पट्टी ०.६ सेंटिमीटर उंचीची केली, तर सातही एका स्लाइडवर आरामात मावतात. मग गोखल्यांच्या जन्मसालावर, १५.६ सेंटिमीटरवर, एक उभी रेघ काढावी आणि जोतीरावांच्या मृत्युसालावर, १८.० सेंटिमीटरवर, दुसरी. या दोन रेघांच्या मधल्या २.४ सेंटिमीटरमध्ये सातही पट्ट्या हजर आहेत. चोवीस वर्षे अशी होती, जेव्हा ही सातही माणसे एकाच वेळी हयात होती, मग कोणी साठीकडे झुकलेले असो की कोणी शाळेतला मुलगा. पुस्तकात प्रत्येकाचा धडा वेगळा असतो, त्यामुळे ही गोष्ट सुटून जाते. आठवीतल्या मुलीने ती स्वतःच्या स्लाइडवर शोधली तेव्हा तिच्याइतकाच आनंद मला झाला.

शके, इसवी सन आणि प्रीस्टलीचे ठिपके

पुण्याच्या इतिहासाचे काम करताना सालांची एक अडचण हमखास येते. पेशवाईतल्या नोंदी शकात असतात आणि आपली रेघ इसवी सनात आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो हे बहुतेकांना ठाऊक असते, पण ते वर्षाच्या पहिल्या नऊ-साडेनऊ महिन्यांपुरतेच खरे आहे. शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते आणि इसवी सनाचे १ जानेवारीला. म्हणून जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, म्हणजे शके १६५१ च्या माघातली. कोणी डोळे झाकून ७८ मिळवले, तर उत्तर १७२९ येते. आपल्या रेघेवर ही चूक एक मिलिमीटरची आहे आणि डोळ्यांना ती दिसणारही नाही. पण एकाच वर्षातल्या दोन घटनांचा क्रम तिच्यामुळे उलटा होऊ शकतो, आणि क्रम चुकलेली कालरेषा कितीही देखणी असली तरी उपयोगाची नाही.

काही साले मुळातच नक्की नसतात. पाताळेश्वरची लेणी आठव्या शतकातली मानतात; तिला कोणी एका सालाचा ठिपका दिला, तर आपल्याकडे नसलेली माहिती आपण असल्याचे दाखवतो. तिथे शंभर वर्षांची तुटक रेघ द्यावी. पॉवरपॉइंटमध्ये रेघेच्या गुणधर्मांत ‘डॅश टाइप’ बदलून हे होते, आणि १७६५ साली प्रीस्टलीने जे केले ते हेच. भविष्यातल्या तारखांनाही हाच नियम लावावा. पुण्यात सध्या ज्या अनेक सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाची चर्चा चालू आहे, तिथे समितीने सभासदांपुढे वेळापत्रक मांडताना झालेल्या गोष्टी भरीव पट्टीने आणि व्हायच्या गोष्टी तुटक पट्टीने दाखवल्या, व मधे ‘आज’ अशी एक उभी रेघ काढली, तर अंदाज आणि आश्वासन यांतला फरक सभेतल्या प्रत्येकाला शेवटच्या रांगेतूनही कळेल.

रेघ स्लाइडमध्ये मावत नाही तेव्हा

पुण्याचा उल्लेख ज्यात येतो तो राष्ट्रकूटांचा ताम्रपट इसवी सन ७५८ चा आहे. तो आपल्या रेघेवर घ्यायचा म्हटले, तर १७३० च्या डावीकडे ९७.२ सेंटिमीटर जावे लागेल, म्हणजे स्लाइडच्या काठाबाहेर जवळपास तीन स्लाइडांची रुंदी ओलांडून. इथे तीन मार्ग आहेत. रेघ मधे तोडून तिथे नागमोडी खूण करावी आणि ‘येथे सुमारे ९७० वर्षे वगळली आहेत’ असे स्पष्ट लिहावे. न लिहिता तोडलेली रेघ ही पाहणाऱ्याची फसवणूक असते. किंवा सगळेच प्रमाण लहान करावे. मग १८८० च्या आसपासची दाटी आणखी वाढते. तिसरा मार्ग मला सर्वात आवडतो : स्लाइडच लांब करावी. पॉवरपॉइंटच्या ‘स्लाइड साइझ’मध्ये कमाल रुंदी ५६ इंच, म्हणजे १४२.२४ सेंटिमीटर, देता येते. ७५८ ते २०३० ही १२७२ वर्षे आपल्याच प्रमाणात १२७.२ सेंटिमीटरमध्ये बसतात आणि दोन्ही बाजूंना समासही उरतो. शाळेच्या प्रदर्शनासाठी किंवा गणेशोत्सवातल्या देखाव्याशेजारी लावायला अशी पट्टी पीडीएफ करून फ्लेक्सवर छापून घेता येते, आणि भिंतीसमोरून चालत जाताना पावलागणिक काळ मागे पडताना दिसतो.

हीच लांब रेघ पडद्यावर सरकवत न्यायची असेल, तर पॉवरपॉइंट २०१९ व त्यानंतरच्या आवृत्त्यांतले ‘मॉर्फ’ हे संक्रमण वापरावे. संपूर्ण रेघ एका गटात बांधून स्लाइडची प्रत करावी, प्रतीवर तो गट डावीकडे सरकवावा आणि त्या स्लाइडला मॉर्फ द्यावे; रेघ सलग वाहत पुढे जाते. बाकीच्या हालचालींबद्दल एवढेच पुरे, की प्रत्येक नाव उड्या मारत आले तर लक्ष उडीकडे जाते, सालाकडे नाही.

देवनागरीची काळजी

मराठी मजकुरासाठी काही गोष्टी वेगळ्या पाळाव्या लागतात. आपल्या लिपीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार येतात. म्हणून ओळींमधले अंतर नेमक्या पॉइंटांत बांधून टाकले, तर एका ओळीचा उकार दुसरीच्या मात्रेत घुसतो. अंतर पटीत द्यावे आणि ते एकपटीहून थोडे अधिकच ठेवावे. सभागृहात दाखवायचे असेल, तर साल २० आणि नाव १६ पॉइंटांच्या खाली नेऊ नये. देवनागरीतली जोडाक्षरे लहान आकारात लवकर बुजतात. फॉन्ट युनिकोडच (अक्षरांसाठी सगळीकडे एकच ठरलेले संकेत वापरणारा) असावा, मुक्त, निर्मला किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखा. एका समारंभात माझ्या डोळ्यांदेखत एका वक्त्याची सबंध कालरेषा तिथल्या संगणकावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन काला होऊन उमटली, कारण ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. युनिकोड फॉन्टही दुसऱ्या संगणकावर असेलच असे नाही, तेव्हा फाइल साठवताना फॉन्ट तिच्यातच समाविष्ट करण्याचा पर्याय निवडावा आणि सोबत एक पीडीएफ ठेवावी.

प्रक्षेपक जुना असेल, तर त्याचा पडदा ४:३ या प्रमाणाचा असतो. रुंद स्लाइड तशीच दाखवली, तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, एवढेच. स्लाइडचा आकार बदलायची वेळ आलीच, तर सॉफ्टवेअर विचारते त्या दोन पर्यायांपैकी ‘एन्शुअर फिट’ निवडावा. सगळे एकाच पटीत लहान होते, त्यामुळे अंतरांचे परस्परप्रमाण टिकते. फक्त कोपऱ्यातली ‘१ सेंमी = १० वर्षे’ ही ओळ तेव्हा बदलायला विसरू नये.

तपासणी दोघांनी मिळून करावी. एकाने एक्सेलच्या तक्त्यातले साल आणि आकडा मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने त्या खुणेवर क्लिक करून ‘पोझिशन’मधला आकडा सांगावा. त्या संध्याकाळी मी तक्ता वाचत होते आणि ती आकडे सांगत होती. सगळे जुळत गेले, शेवटच्या मेट्रोपर्यंत. ३१.२ मधून ०.२ गेले की ३१.०, तिच्या पडद्यावर ३१.२ होते. तिने आकडा सुधारला, २०२४ साली गेलेली मेट्रो २०२२ वर परत आणली, आणि मग १९६१ च्या उजवीकडची सहा सेंटिमीटरची मोकळी जागा भरायला आजीला विचारते म्हणून खाली पळाली.